‘ह’ची गाणी संपली तेव्हा

१९८७, फेब्रुवारीतला एक रविवार. सौंसर, आमची माडीवरची खोली, दुपारचे अडीच.
हजर, त्यांच्याकडून: नवरदेव, त्यांचे आईवडील, आत्याबाई, दोन चुलत बहिणी.
हजर, आमच्याकडून: बाबा, तिगावचे मामा, ताई, मी. आई अर्धा वेळ खाली स्वयंपाकघरात.
गैरहजर: जपानी काका.

ही यादी त्याच दिवशी मी रजिस्टरच्या मागच्या पानावर लिहिली. तेव्हा मी अकरावीत होते आणि मला याद्यांचा नाद लागलेला होता. तो अजून सुटलेला नाही. किराण्याची यादी, प्रवासाची यादी, कोणाकडे कोणता डबा गेला त्याची यादी. काम झालं की बरोबरची खूण करायची आणि पुढे जायचं. त्या रजिस्टरमध्ये मात्र एका ओळीपुढे खूण नाही, म्हणून ते मी अजून टाकलेलं नाही.

ताईचं साक्षगंध सकाळीच आटोपलं होतं. कुंकू लागलं, ओटी भरली, पंगती उठल्या. लग्नाची तारीख तेवढी ठरायची होती. नवरदेवाकडच्या, पांढुर्ण्याच्या मंडळींना एप्रिलच्या सुरुवातीला लग्न हवं होतं. ताईने बी.ए. फायनलचा प्रायव्हेट फॉर्म भरलेला होता, परीक्षा एप्रिल-मेमध्ये छिंदवाड्याला. बाबांनी जेवताना विषय काढून पाहिला, पण उत्तर आलं, “लग्नानंतर दे ना परीक्षा, कोण नाही म्हणते?” आमच्या मामेबहिणीलाही असंच सांगितलं होतं. तिची पुस्तकं तिच्या सासरी ट्रंकेत राहिली ती राहिलीच. ताईला ते माहीत होतं. ती खाली मान घालून बसली होती आणि बोटातली नवी अंगठी फिरवत होती, एकदा इकडे, एकदा तिकडे.

त्यांच्या घरात शेवटचा शब्द आत्याबाईंचा होता. त्या विधवा, भावाकडेच राहत. पन्नाशीच्या, अंगाने दणकट, आवाजाने त्याहून. गाण्याच्या भेंड्यांत त्यांना पांढुर्ण्यात कोणी हरवलं नव्हतं, असं त्यांनी स्वतःच सांगितलं. जीपवाला जेवायला गेलेला होता, तो येईपर्यंत वेळ काढायचा म्हणून त्यांनीच भेंड्यांचं काढलं.

“घाबरून नाही ना राहिले सौंसरवाले?”

“लावा काहीतरी मग,” मामा म्हणाले.

“लावा ना! जिंकाल तर तारीख तुमची.”

सगळे हसले. मी हसले नाही. मी रजिस्टर उघडलं, मागच्या पानावर लिहिलं, ‘जिंकलो तर तारीख आपली’, आणि पेन आत्याबाईंपुढे धरलं.

“काय व पोट्टे, पटवारीन होनार हायेस काय?” असं म्हणत त्यांनी सही ठोकली. बाबांनी माझ्याकडे डोळे वटारले.

रजिस्टरच्या पुढच्या भागात माझी गाण्यांची यादी होती. प्रत्येक अक्षराला एक पान, त्यावर मराठी-हिंदी दोन्ही गाणी, कोणाला किती येतं तेही समोर लिहिलेलं. भेंड्या खेळणाऱ्याला ठाऊक असतं की हिंदी गाणी निम्मी ‘है’वर संपतात आणि ‘ह’ची गाणी सगळ्यात आधी आटतात. म्हणून ‘ह’च्या पानावर मी जास्त मेहनत घेतली होती. त्या पानाच्या तळाशी पेन्सिलीने लिहिलेली पाच गाणी जपानी होती.

ती आली कुठून, ते सांगते. सौंसरबाहेरच्या एका कारखान्यात मशिनी बसवायला जपानहून एक इंजिनिअर आले होते. ऑगस्टपासून चार-पाच महिने आमच्या माडीवर भाड्याने राहिले. आम्ही त्यांना जपानी काका म्हणायचो. त्यांच्याजवळ मायक्रोफोनवाला टेपरेकॉर्डर होता आणि नुसत्या वाद्यांच्या कॅसेटी. त्यात गाणारा नाही, गायचं आपण. त्याला ते काराओके म्हणत. रविवारी सकाळी गच्चीवर ते टेप लावून उभे राहून गात, अगदी सावधान स्थितीत. मी त्यांना भेंड्या शिकवल्या. त्यांनी सांगितलं, त्यांच्याकडेही अक्षराला अक्षर जोडायचा खेळ आहे, पण शेवटी ‘न’ आला की तो भिडू बाद. आमच्याकडे ‘न’ आला की लोक खुश होतात, हे ऐकून ते पोट धरून हसले होते. मी त्यांना ‘ह’ची अडचण सांगितली. त्यांनी बोटांवर मोजत पाच गाणी काढून दिली. मी ती ऐकून-ऐकून देवनागरीत उतरवली. अर्थ विचारायचा राहून गेला, कारण मला अक्षर हवं होतं, अर्थ नको होता. संक्रांतीच्या आधी ते परत गेले.

खेळ सुरू झाला. आत्याबाईंची रीत माझ्या लगेच लक्षात आली. त्या मुद्दाम ‘है’वर संपणारंच गाणं काढत. ‘ह’, परत ‘ह’, परत ‘ह’. मी पानावर बोट ठेवून एक-एक खोडत होते. मामांनी दोन वाया घालवली, एकाच ‘ह’ला तीन म्हणून टाकली. शाईने लिहिलेलं शेवटचंही संपलं.

“आला का ‘ह’? म्हना! एक... दोन...” नवरदेवांच्या चुलत बहिणी आकडे मोजायला लागल्या.

मी पेन्सिलीतलं पहिलं गाणं म्हटलं. एकच कडवं येत होतं, ते पूर्ण म्हटलं.

मग आत्याबाई म्हणाल्या, “हे कोनतं गानं व?”

“जपानी.”

“मनानं बनवून राहिली काय?”

“नाही. खरं आहे. जपानी काकांनी शिकवलं.”

“ते तर गेले म्हने. कोनाले विचारू मी, भिंतीले?” त्या मांडी बदलून बसल्या. “बरं. खरं गानं असन तर तुमच्यातल्या दुसऱ्या कोनालेबी येत असन. म्हना कोनीतरी. जसंच्या तसं.”

हे न्यायाचं होतं. मी यादी पाहिली. त्या गाण्यापुढे एकच नाव, माझं. मामांना येत नव्हतं, बाबांना सूर म्हणजे काय ते माहीत नव्हतं. यादीच्या पहिल्या पानावर मी स्वतःच लिहिलेलं होतं: ‘ताई – गात नाही.’ शिवाय ज्या मुलीचं साक्षगंध आहे तिने भेंड्यांत तोंड उघडायचं नसतं. चुलत बहिणी परत मोजायला लागल्या. एक. दोन. तीन.

ताईने अंगठी फिरवणं थांबवलं आणि गायला लागली.

मान खालीच होती. माझंच कडवं, तेच शब्द, पण चाल माझ्यापेक्षा बरोबर. मग दुसरं कडवं. मग तिसरं, जे माझ्या रजिस्टरमध्येही नव्हतं. रविवारी सकाळी ती गच्चीच्या जिन्यात इतिहासाचं पुस्तक घेऊन बसायची. ती वाचते आहे, असं मी धरून चालले होते. आई हातातला पदर तसाच धरून दारात उभी राहिली.

गाणं संपलं. आत्याबाई ताईकडे नाही, आईकडे पाहत होत्या.

“विहीनबाई, पाहाले आलो होतो तवा पोरीले गानं येत नाही म्हने!”

आईचं तोंड उतरलं. खरंच तसं म्हटलं होतं. ताईनेच सांगितलं होतं तसं म्हणायला, येणाऱ्या-जाणाऱ्यापुढे गायला लावतील म्हणून. आता तारीख बाजूला राहिली, सोयरीकच मोडते की काय असं मला वाटलं. सही घेतली म्हणून माझ्याच हाताचा राग आला.

“तेव्हा कारण नव्हतं, आत्याबाई,” ताई म्हणाली.

दारापाशी बसलेले नवरदेव सकाळपासून एक शब्द बोलले नव्हते. ते खाकरले. “आत्या, सही केली ना तू.”

“अस्सं! आतापासूनच तिकडून बोलून राहिला काय रे?” आत्याबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग ताईकडे, आणि एकदम मोठ्याने हसल्या. “हरलो आमी. बोला भाऊ. कोनती तारीख?”

आणि इथे आमची फजिती. परीक्षेचं टाइमटेबल आलेलंच नव्हतं. सगळ्या याद्या करणाऱ्या माझ्याकडे नेमकी तीच तारीख नव्हती. बाबांनी अंदाजाने मेच्या शेवटच्या आठवड्यातला मुहूर्त सांगितला. जीप आली, संत्र्याच्या पिशव्या चढवल्या, मंडळी गेली.

टाइमटेबल एप्रिलमध्ये आलं. शेवटचा पेपर लग्नानंतर तिसऱ्या दिवशी. बाबा पांढुर्ण्याला जाऊन आले, तोंड पाडून.

“काय म्हणाल्या?” आईने विचारलं.

“म्हणाल्या, तारीख तुमचीच होती, आता कायले रडून राहिले?”

पण पेपरच्या दिवशी सकाळच्या छिंदवाड्याच्या बसमध्ये ताईशेजारी आत्याबाई बसल्या होत्या. मी सौंसरला स्टँडवर पेन आणि प्रवेशपत्राची नक्कल द्यायला गेले होते. ताईच्या हातांवरची मेंदी अजून गडद होती. खिडकीतून आत्याबाई म्हणाल्या, “रस्त्यानं तेच गानं म्हनाले लावतो हिले. पन अर्थ काय व त्याचा?”

“माहीत नाही.”

“हिलेबी नाही माहीत. त्या मानसाले चिठ्ठी लिहून विचार.”

ताई पास झाली. पुढे बी.एड. केलं, तीस वर्षं शिकवलं. आत्याबाई मात्र दर भेटीत मला विचारत राहिल्या, “आली का व चिठ्ठी?” पहिल्यांदा ताईच्या बाळाच्या बारशाला, मग मामांच्या एकसष्टीला, मग दर दिवाळीला. पत्ता आहे. काकांनी जाताना कॅसेटच्या डब्यातल्या कार्डावर स्वतःच्या हाताने लिहून दिलेला, त्यांच्या लिपीत. तेव्हा पोस्टात सांगितलं, इंग्रजीत पाहिजे, आणि सौंसरमध्ये ते वाचणारं कोणी नव्हतं. आता फोनसमोर कार्ड धरलं तर वाचून मिळेल, हेही मला माहीत आहे. मुलीने दोनदा सांगितलं. कार्ड दोनदा काढलं, दोनदा परत ठेवलं, आणि मग उगाच किराण्याची यादी करत बसले.

आत्याबाई आता नव्वदीच्या आहेत. ऐकू कमी येतं. गेल्या महिन्यात पांढुर्ण्याला गेले तर हाताने खूण करून जवळ बोलावलं आणि तेच विचारलं.

रजिस्टरच्या मागच्या पानावर, त्यांच्या सहीच्या खाली, ओळ आहे: ‘जपानी काकांना पत्र – गाण्याचा अर्थ.’ पुढे खूण नाही.