काका सर्व्हर उठवतात

“आत्ताच मारला त्याला, तरी परत उभा हाय,” काका फोनवर हळूच म्हणाले, आणि टेबलाशी सहीसाठी थांबलेला ड्रायव्हर दोन पावलं मागे सरकला.

मारला होता तो सर्व्हरवरचा एक प्रोग्राम. जगात कुठलीही गोष्ट आपणहून सुरू होते यावर विश्वास नसलेला एकमेव माणूस म्हणजे आमच्या पनवेलच्या ऑफिसातले हे काका. पडद्यामागे गुपचूप चालणारे सगळे प्रोग्राम ते रोज सकाळी बंद करत आणि एकेक करून हाताने उठवत: आधी डेटाबेस, मग प्रिंटर, शेवटी कंटेनरचे पास काढणारा गेटपास. मध्ये थोडं थांबत, कारण “उठल्या उठल्या कोणाला कामाला लावू नये.” सुट्टीच्या दिवशीही सुकापूरहून स्कूटरवर येऊन डोकावून जात. एकदा ऑफिसच्या सहलीच्या बसमधून त्यांनी मला फोन केला, “गेटपास जागा हाय ना गो?” मी हो म्हटलं, तर स्क्रीनवरचं सगळं वाचून दाखवायला लावलं.

त्या आठवड्यात साहेबांनी एक राखणदार प्रोग्राम बसवून घेतला होता. कोणी पडलं की तो क्षणात उठवतो. मीटिंगमध्ये हे सांगितलं तेव्हा काका अर्थातच प्रिंटर उठवायला गेले होते. आता काका गेटपास मारत, राखणदार तो उठवी. त्याच्या जागी काका आपला दुसरा उठवायला जात, तर जागा आधीच अडलेली म्हणून तो पडे. मग काका पुन्हा पहिल्याला मारत. तिकडे पास निघेनात, आणि जासईच्या आमच्या यार्डाच्या गेटवर कंटेनरची रांग हायवेला लागली. गेट परत अडलं तर काकांना सर्व्हरवरून काढून गोदामात बसवेन, असं साहेबांनी कालच सगळ्यांदेखत सांगितलं होतं. ते आता केबिनच्या दारात उभे होते.

“झपाटलाय मेला,” काका पुटपुटले. मागे कोणीतरी लिंबू-मिरची सुचवली. काका हसले नाहीत. त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता.

राखणदाराबद्दल काकांना सांगणं एका वाक्याचं काम होतं. पण त्या वाक्याचा अर्थ, काका, सकाळची तुमची फेरी आता नको, असाच होत होता. मी ते मनात इंग्रजीत जुळवलं, मराठीत आणलं आणि गिळलं. साहेब दारातून आमच्याकडे निघाले. काकांचं बोट पुन्हा बटणाकडे गेलं.

मी खुर्ची सरकवून त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

“काका, आता मारू नका. तो आपला आपण उठतो. आपण दोघं नुसतं बघत बसू.”