पुस्तकलाबाईंची सांदवाडी

आमच्या साताऱ्यातून जाणारी एक गाडी थेट गोंदियाला जाऊन संपते. इतकी वर्षं ती नुसती जाताना पाहिली होती. यंदा श्रावण सरताना तिच्यात बसले. गोंदियात उतरले तेव्हा अंगात प्रवासाचा शीण होता आणि पुढच्या जेवणाची ओढ. नागपूरच्या एका बियाणे प्रदर्शनात पुस्तकलाबाईंची ओळख झाली होती. आमगावच्या पुढच्या एका खेड्यात त्या घरामागच्या जमिनीत खत-औषधाशिवाय भाज्या पिकवतात, आणि त्या त्या महिन्यात जे उगवेल तेच रांधतात. धोप्याच्या (अळूच्या) वड्या खायच्या असतील तर पोळ्याच्या आधी ये, असं त्यांनी फोनवर बजावलं होतं.

रात्र गोंदियातच काढली. सकाळी स्टँडवरच्या चहावाल्याने "मॅडम, आमगाव की गाडी उधर लगेगी" असं सांगून माझी पिशवी उचलूनसुद्धा दिली. शहर मागे पडलं आणि दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या (बांध घातलेली भातशेतं) लागल्या. पाण्यात उभं हिरवं धान आणि बांधावर ओळीने तूर. आमच्याकडच्या डोंगरांची सवय झालेल्या डोळ्यांना ती सपाटी फार निवांत वाटली.

मी पोहोचताच पुस्तकलाबाईंनी मला पाणी दिलं आणि लगेच मागे नेलं. तिथे त्यांची सांदवाडी, म्हणजे परसबाग. मांडवावर दोडके लोंबत होते, बरबटीच्या (चवळीच्या) शेंगा हातभर लांब झाल्या होत्या, मधे मधे कीड दूर राहावी म्हणून झेंडू लावलेला. जमिनीवर पालापाचोळ्याचा जाड थर होता. पण कुंपणाकडे, मोरीचं पाणी जातं तिथे, सगळं पिवळं पडलेलं. धोप्याची मोठी पानं देठातून मोडून चिखलावर पसरली होती. मी काही विचारायच्या आत त्या म्हणाल्या, "यायनं मारलं."

म्हणजे त्यांच्या यजमानांनी, हेमराजभाऊंनी. तीन-चार दिवसांपूर्वी त्या बाजारला गेल्या असताना त्यांनी शेजाऱ्याचा पंप आणून कडेच्या गवतावर तणनाशक फवारलं होतं. पाहुणी येणार, वाट मोकळी दिसावी, एवढंच कारण त्यांनी सांगितलं. तेव्हापासून घरात बोलणं जेवणापुरतं उरलं होतं. माझ्यामुळे हे झालं की काय, या विचाराने मला अवघडल्यासारखं झालं. बाईंनी सांदवाडीतलं काहीच चुलीवर चढवलं नाही. दुपारी भात, उन्हाळ्यात वाळवून ठेवलेल्या वड्यांची भाजी आणि लाखोरीच्या डाळीचं वरण होतं. चव उत्तम होती, पण वाढणारीचा चेहरा उतरलेला.

दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या की धोपा तर खायचाच, माहेरी जाऊन आणू. माहेर दरेकसाचं. हेमराजभाऊ न विचारताच पिशवी घेऊन आमच्या मागे निघाले. पॅसेंजरने गेलो आणि एका चिमुकल्या स्टेशनावर उतरलो. भोवती डोंगर आणि ओलं जंगल. बाईंच्या वहिनींनी आदल्या दिवशीच बांबूचे कोवळे कोंब, इथे त्यांना वास्ते म्हणतात, चिरून पाण्यात घालून ठेवले होते. धोपा मात्र नाल्याच्या काठी होता, तो आम्हीच आणायचा होता.

नाल्यापाशी कमरेइतकं गवत होतं. पुस्तकलाबाई विळा घेऊन पानांत वाकल्या, तोच हेमराजभाऊंनी मागून त्यांचा दंड धरून त्यांना ओढलं. इतक्या जोरात, की त्या माझ्यावर आदळल्या आणि मी घोटाभर पाण्यात बसले.

"काऊन ओढून राहिले?" बाई चिडून म्हणाल्या.

भाऊ गवताकडेच पाहत होते. "अशीच पानं तोडून राहिली होती तू, जवा पान लागलं," ते म्हणाले. पान लागणं म्हणजे साप चावणं. दोन वर्षांपूर्वी, मोरीपाशी. बाईंनी ते मला फोनवर कधीतरी हसत हसत सांगितलं होतं. भाऊ पुढे म्हणाले, "तू तर बेसुद होती. डॉक्टर म्हणे, काही सांगता येत नाही. मले तठी तण दिसतच नाही, पुस्तकला. मले तुया सुजलेला हात दिसते."

बाई म्हणाल्या, "हे सांगायले दोन वर्सं लागले तुमाले? सांगितलं असतं तर विळ्यानं कापलं असतं मी. जहर कायले टाकलं?"

भाऊंनी बायकोच्या हातातला विळा घेतला, आधी काठीने गवत आपटलं, आणि एकेक पान कापून तिच्याकडे देत राहिले. त्यांनीच मग धोप्याचे कंदही उकरले.

दुपारी वहिनींनी तांदूळ आणि डाळ भिजवून वाटली. खाज सुटू नये म्हणून त्यात आंबाडीचा पाला घातला. पानांवर ते थापून, गुंडाळून, उकडून, मग जवसाच्या तेलात तळलं. बाहेरून कुरकुरीत, आत आंबट-मऊ. वास्त्यांची भाजी किंचित कडवट होती. बाईंनी पहिली वडी माझ्या ताटात घातली आणि दुसरी भाऊंच्या. भाऊंचं ताट त्यांनी रिकामं राहू दिलं नाही.

परत आल्यावर कंद दुसऱ्या कडेला लावले. मोरीजवळचा तुकडा आता पाऊस धुईल तेवढा धुईल, वर्षभर तिथलं काही खायचं नाही, असं बाईंनी ठरवलं. मी निघाले त्या सकाळी भाऊ गुडघ्यापर्यंतचे बूट घालून गवत कापत होते.

घरी आल्यावर वड्यांची कृती मी सगळ्यांना सांगितली. ती सोपी आहे. सांगता आली नाही ती नाल्याकाठची गोष्ट. सेंद्रिय शेतीवर मी बरंच वाचलं होतं, पण जहर फवारणाऱ्या हाताला भीतीही असू शकते, हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं.

परवा पुस्तकलाबाईंचा फोन आला. त्या हसत होत्या. भाऊ म्हणे आता प्रत्येक रोपापाशी थांबून विचारतात, हे खायचं की कापायचं. "खायचं असन म्हणून इतकं ठेवून राहिले बाई, का वाटच उरली नाही. आता मलेच कापावं लागते."