सासऱ्यांसाठी रणगाडा

हसणार नाही असं वचन देत असाल तरच सांगतो. जाऊ दे, वचन नको, आधी चहाचा घोट गिळा. नंतर ठसका लागला तर माझ्यावर येईल.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. नुकतंच लग्न झालेलं. मी सांगलीत हळदीच्या अडत्याकडे कारकून आणि सासरे सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातले निवृत्त सुभेदार. तेसुद्धा रणगाड्यावरचे, लढाई बघून आलेले. त्यांच्या गावात घरटी एक माणूस फौजेत आणि जावई मात्र पोत्यांची वजनं लिहिणारा! मला टाकून कधी बोलले नाहीत हो. पण मी गेलो की "पाव्हणं, बसा," म्हणायचे आणि स्वतः उठून गोठ्यात जायचे. तिथं म्हशीशी तासभर गप्पा.

मला त्यांच्या नजरेत भरायचं होतं. बाकी काही नको होतं.

एकदा कामासाठी पुण्याला गेलो असताना दुकानाच्या काचेमागे प्लॅस्टिकचा रणगाडा दिसला. खेळणं नव्हे, खऱ्याची छोटी प्रतिकृती. दुकानदार म्हणाला, खोक्यात सुटे भाग येतात, आपण घरी जोडायचे, परदेशात मोठ्या माणसांनाही याचा नाद असतो. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. खंडेनवमी तोंडावर आली होती. सासरी त्या दिवशी शस्त्रांची पूजा. पाटावर तलवार, बंदूक, कोयते, आणि मधोमध जावयानं स्वतःच्या हातानं बांधलेला रणगाडा! दुकानदारानं विचारलं, चार प्रकार आहेत, कुठला देऊ? मी म्हटलं, "त्यातला मोठा कुठला?"

माती खाल्ली ती इथंच.

घरी खोकं उघडलं तर हे एवढे बारके बारके तुकडे, सगळे प्लॅस्टिकच्या सांगाड्याला लटकलेले. बरोबरच्या कागदावर नुसती चित्रं. ती नीट बघून, एकेक भाग बसवून, वाळू देऊन पुढं जायचं असतं म्हणे. पण मी 'पी हळद नि हो गोरी' जातीचा, त्यात नोकरीही हळदीतली. नेलकटरनं तुकडे तोडले आणि दिसेल त्याला गोंद फासला. चाकं फिरेनात, वरचा बुरूज हलेना, आणि शेवटी दोन चाकं उरली. सुनंदा, म्हणजे आमची बायको, म्हणाली, "अहो, ही कुठली?" मी म्हटलं, स्टेपनी.

फाटकाला लावून उरलेला हिरवा रंग होता, तो फासला. एवढ्यावर थांबलो असतो तरी अब्रू थोडी वाचली असती. पण देशप्रेम उतू गेलं आणि कागदी तिरंगा कापून बुरुजावर चिकटवला.

खंडेनवमीला सकाळच्या एसटीनं, सुनंदाला शेजारी आणि रणगाडा मांडीवर घेऊन, सासरी पोचलो. मामा, म्हणजे सासरे, शेताकडे गेले होते. सासूबाई हरखल्या. त्यांनी तो पाटावर मधोमध ठेवला, हळदकुंकू वाहिलं, तोफेच्या नळीवर झेंडूचं फूल ठेवलं. मग मी शेजारच्या दोघा पेन्शनर फौजींना बोलावून आणलं. कुणी सांगितलं होतं?

दोघांनी वाकून बघितलं, मग एकमेकांकडे बघितलं. मला वाटलं, भारावले. मग माझी जीभ सैल सुटली. असलेच रणगाडे मामांनी लढाईत चालवले, बघा, हुबेहूब तोच! एकानं मिशीवर हात दाबून धरला. मला वाटलं, बिचाऱ्याला उमाळा आला. दुसऱ्यानं हळूच विचारलं, तिरंगा कुणी चिकटवला. मीच, असं मी छाती काढून सांगितलं.

तेवढ्यात मामा आले. हातपाय धुतले, चष्मा लावला आणि पाटासमोर उकिडवे बसले. माझं काळीज धडधडत होतं. सुनंदाला बघायला आलो होतो तेव्हाही इतकं धडधडलं नव्हतं.

"पाव्हणं, ह्यो तुमी जोडला?"

"हो मामा, स्वतः."

"ह्यो आमी फोडला व्हता."

मला कळेचना. मी समजूत काढायला गेलो, "असू दे मामा, तो जुना झाला असेल."

तेव्हा त्या मिशीवाल्यांनी खुलासा केला. हा दुश्मनाचा रणगाडा. याच जातीचा मामांच्या तुकडीवर चालून आला होता आणि त्याच्याच गोळ्याचं लोखंड मामांच्या मांडीत अजून आहे. आणि मी त्याला तिरंगा लावून, सासूबाईंना हळदकुंकू वाहायला लावून, त्यांच्याच पाटावर बसवला होता! अशी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही.

उचलायला धावलो तर सासूबाई आडव्या आल्या. पूजेला लागलेली वस्तू दसऱ्यापर्यंत हलवायची नाही.

मामांनी नखानं तिरंगा अलगद सोडवला, कपाळाला लावून खिशात ठेवला. मग म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. पकडलेला रणगाडा छावणीच्या दारात ठिवत्यातच की. फकस्त नळी खाली झुकवायची. हरल्याची खूण."

त्यांनी नळीला बोट लावलं. ती कशाला झुकतेय? मी गोंद ओतला होता. त्यांनी जरा जोर दिला आणि नळी कट्‌कन मोडून हातात आली.

मामांनी नळीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि खदाखदा हसत सुटले. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच बघत होतो. पेन्शनर तर भिंतीला टेकले.

जेवणाची पानं मांडली तेव्हा मी दाराआड उभा होतो. मामांनी आपल्या शेजारी पाट ओढला आणि म्हणाले, "हितं बसा. रणगाड्यासंगं कैदी बी घावलाय. कैद्याला उपाशी ठिवायचं न्हाई, फौजेचा नियम हाय."

बसलो. दोन घास पोटात गेल्यावर धीर करून विचारलं, "मग मामा, सुटका कधी?"

मामांनी भाकरी वाढणाऱ्या सुनंदाकडे बोट दाखवलं. "पहारा तिचा हाय, तिला इचारा. आमच्याकडनं जन्मठेप."

शिक्षा चालू आहे. चांगल्या वागणुकीची सूट अजून एकदाही मिळालेली नाही.