सलाम पुलावरून

वहीबाकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं ते ती शाळेत रुजू झाली त्या दिवशी. आमचे मुख्याध्यापक अब्दुत्तव्वाब सर प्रत्येक नव्या शिक्षकाला पाऊण तास भाषण देत. त्यात शिक्षणाची थोरवी यायची, वाडीची अब्रू यायची, सरांच्या वडिलांनी दिव्याच्या उजेडात केलेला अभ्यास यायचा. मी तेवढ्या वेळात गणिताच्या वह्या तपासून घ्यायचे. वहीबा मात्र खुर्चीच्या कडेवर बसून शब्दन् शब्द ऐकत होती. भाषण संपल्यावर तिने विचारलं, "म्हणजे सहावीचा वर्ग माझा, आणि खडू घरून आणायचा. एवढंच ना, सर?"

सरांनी समोरचे कागद सारखे केले. "हो," ते म्हणाले, "एवढंच."

मी वहीत तोंड खुपसून हसले.

वहीबा एसना गावची. तिचं अक्षर वाईट होतं आणि मोठ्या माणसांशी बोलताना तिचा संयम लवकर सुटायचा. मुलांशी बोलताना कधीच नाही. डब्यात रोज भाकरी, चीज आणि अख्खा कांदा. कांदा खाऊन ती वर्गावर जायची आणि पहिल्या बाकावरची मुलं नाक दाबून बसायची, तर म्हणायची, "नाक दाबा, कान नको."

तेव्हा सहावीला सरकारी परीक्षा असे. अरबीच्या पेपरात एक उतारा यायचा आणि खाली प्रश्न: उताऱ्यातला मुख्य विचार लिहा. आमची निम्मी मुलं तिथेच आपटायची. बहुतेक जण उताऱ्याचं पहिलं वाक्य उतरवून काढत. खजुराच्या झाडावर धडा होता. त्यात फळ, दोर, टोपल्या, छपराच्या तुळया, सावली, सगळं आलं होतं. एकाने उत्तर लिहिलं, "खजूर गोड असतो." वहीबाने त्याला जवळ बोलावलं. "खरंय रे बाबा, गोड असतो. पण हे सांगायला लेखकाने दोर कशाला वळले?"

त्या वर्गात तफीदा होती. आदल्या वर्षी नापास झालेली. तिचं वाचन ऐकावं असं. एकही मात्रा चुकायची नाही. पण मुख्य विचार लिहायला सांगितला की ती अख्खा उतारा जसाच्या तसा लिहून काढायची, एक तुळई न गाळता. तिचे आजोबा, हज्ज दाही, शाळेच्या दारात येऊन सांगून गेले होते, "यंदाही राहिली तर घरी बसेल. शेळ्या आहेत, धाकटी भावंडं आहेत. शाळेने मला काय कमी त्रास दिलाय?" आणि ते बोलल्याप्रमाणे वागणारे गृहस्थ होते. मोठ्या नातीच्या वेळी आम्ही ते पाहिलं होतं.

वहीबाने सगळं करून पाहिलं. एका ओळीत लिही म्हटलं, तर तफीदाने एवढं बारीक अक्षर काढलं की पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मुंग्यांची रांग. "मंद नाही गं ती, नईमा," वहीबा मला म्हणाली. "मंद पोर असं लिहीत नाही. हिला काहीतरी टाकायची भीती वाटतेय. कशाची, तेच कळत नाही."

ते कळलं एका गुरुवारी. तफीदाचा बाप कुवेतला गवंडीकाम करायचा. त्याचं पत्र आलंय असं कळलं म्हणून आम्ही दोघी तिच्या घरी गेलो. पत्र वाचणारी घरात तीच एकटी. अंगणात गल्लीतल्या सगळ्या बायका जमल्या होत्या आणि मधोमध आजी, सित्तुहुम, बसली होती. तफीदा वाचू लागली. आईला सलाम. वडिलांना सलाम. मामाला, मामाच्या मुलांना नावानिशी, शेजारच्या उम्म रमदानला, तिच्या सुनेला. आपलं नाव आलं की ती ती बाई छातीवर हात ठेवून म्हणायची, "त्यालाही सलाम, सुखाने परत येऊ दे." एकीचं नाव वाचायला तफीदा जरा अडखळली, तर आजीने काठी आपटली. "गाळलंस? माझ्या लेकाने एवढ्या लांबून नाव धाडलं आणि तू गिळलंस?"

वहीबाने माझा दंड धरला. "बघितलंस?" ती कुजबुजली. "हिच्या दृष्टीने गाळणं म्हणजे कुणाचा तरी अपमान."

पत्राच्या तिसऱ्या पानावर, दाढदुखी आणि पाठवलेल्या पंख्याच्या मध्ये, दोन ओळी होत्या: उन्हाळ्यात रजा मिळत नाही, मुकादम ऐकत नाही, शरदात बघू. मग पुन्हा सलाम.

तफीदाच्या बापाची बहीण नबविय्या वाडीलगतच्या कालव्याच्या पलीकडच्या काठावर राहायची. तिच्या मुलाचं लग्न ठरलं होतं आणि मामा आल्याशिवाय मांडव घालायचा नाही म्हणून ती अडून बसली होती. पूल अर्ध्या तासावर. म्हणून आमच्याकडे बायका काठावर उभ्या राहून हाका मारूनच बोलतात. पत्र आल्याचं नबविय्यालाही कळलं होतं. पलीकडून तिची हाक आली, "तफीदाऽऽ! काय म्हणतोय तुझा बाऽऽप?"

सगळं अंगण काठावर लोटलं. तफीदाने पत्र धरलं आणि ओरडायला सुरुवात केली. "आत्याऽऽ, तुला सलाम, आणि काकांना सलाम, आणि हसनैनला..."

वारा उत्तरेचा होता, जोराचा. "कायऽऽ?" नबविय्या ओरडली. "कोण मेलं?"

"कुणी नाही गं बये!" आजी किंचाळली. "तफीदा, पुन्हा सांग, पहिल्यापासून."

तिने पुन्हा सांगितलं. पुन्हा वाऱ्याने सगळं नेलं. पलीकडे नबविय्याने दोन्ही हात डोक्यावर ठेवले होते आणि तिच्याभोवती बायका जमू लागल्या होत्या. तफीदाचा घसा बसत चालला होता. डोळ्यांत पाणी.

वहीबा तिच्यामागे जाऊन उभी राहिली. "पत्र खाली कर," ती हळूच म्हणाली. "तुझ्या आवाजात आता एकच हाक उरलीय. आत्याने रात्री निवांत झोपावं असं वाटतं ना? मग काय सांगशील?"

तफीदाने पत्राची घडी घातली. पलीकडच्या आत्याकडे पाहिलं. मग दोन्ही हात तोंडाशी नेले.

"लग्न उरकाऽऽ! बाबांची वाट बघू नकाऽऽ!"

पलीकडे डोक्यावरचे हात खाली आले. मग नबविय्याचा आवाज, "कळलंऽऽ!" आणि मागोमाग, "पुन्हा तो मुकादमच आडवा आला ना? त्याचं छप्पर उडोऽऽ!"

आमच्या काठावर हशा पिकला. आजी मात्र हसली नाही. "आणि सलाम? माझ्या लेकाचे सलाम कुठे गेले?"

तफीदाचा चेहरा उतरला. वहीबा म्हणाली, "सलाम पुलावरून जातील, आजी. ही आत्ता निघेल, आणि एकेकाला घरी जाऊन सांगेल. एकही गाळणार नाही." मग तफीदाकडे वळून, "पत्रात 'लग्न उरका' असं कुठे लिहिलंय?"

"कुठेच नाही, बाई."

"मग तू कुठून आणलंस?"

तफीदाने हातातली पत्राची घडी उलटसुलट केली. "ते... सगळ्यातून निघालं," ती म्हणाली.

"उताऱ्यालाही तेच कर. बाकीचं फेकायचं नाहीये, बाळा. ते पुलावरून मागून येतं."

तफीदा खरोखरच पुलावरून गेली आणि सगळे सलाम पोहोचवून संध्याकाळी परतली. दुसऱ्या दिवशी चमत्कार झाला असं नाही. खजुराच्या धड्यावर तिने आधी सात ओळी लिहिल्या, मग चार. आठवड्याने एकच लिहिली: या झाडाचं काहीच वाया जात नाही. वहीबा वही घेऊन माझ्या वर्गात आली, मुलांसमोर मला ती ओळ दाखवली आणि वही घेऊन परत गेली. पुढे सहावीची पोरं मधल्या सुट्टीत काठाकाठाने उभी राहून एकमेकांना धडे ओरडून सांगायला लागली. अब्दुत्तव्वाब सरांनी शाळेच्या अब्रूवर पुन्हा एकदा भाषण केलं. या वेळी वहीबाने ते मध्येच थांबवलं. "ओरडू नका, एवढंच ना, सर?" पोरांचं ओरडणं काही थांबलं नाही.

परीक्षेत उतारा विटांच्या भट्टीवर होता. निकाल लागला त्या दिवशी हज्ज दाही सकाळपासून शाळेच्या पायरीवर बसले होते. तफीदा अरबीत काठावर पास झाली. वहीबाने त्यांना यादीतलं नाव बोटाने दाखवलं. त्यांना वाचता येत नव्हतं, तरी ते बराच वेळ त्या नावाकडे बघत राहिले. मग काठी टेकत उठले. "ती पुढची शाळा," त्यांनी विचारलं, "पुलापासून किती लांब?"

तफीदा पुढे शिकली. आता ती शेजारच्या गावातल्या दवाखान्यात परिचारिका आहे.

वहीबा आमच्या शाळेत एकोणीस वर्षं होती. सध्या ती कना शहरात धाकट्या बहिणीकडे, तिसऱ्या मजल्यावर राहते. गुडघ्यांमुळे जिने उतरवत नाहीत. सकाळी भाजीवाला आला की ती दोरीला टोपली बांधून खाली सोडते आणि वरून एकच हाक मारते, "कांदेऽऽ!"