बारा-बारा बटणांच्या माळा

काल सकाळी अंगण झाडून मी डाळ निवडत बसले होते, आणि दुसरीतली माझी नात आरोही रडत होती. "मले शाळेत नाही जायचं. बाकीचे वहीत गणित करतात, मलेच वस्तू मोजायले देतात."

तिच्या बाईंनी मला समजावलं होतं. बेरीज सगळ्यांना तीच. कोणी आकड्यांनी करतं, कोणी चित्र काढून, कोणी हाताने मोजून. आरोहीला त्यांनी मोजायला घरून दहा-दहा वस्तूंच्या माळा आणायला सांगितल्या होत्या.

मी ह्यांचा बटणांचा डबा काढला. हे शिंपी होते. हे गेल्यापासून तो उघडला नव्हता. आत ह्यांनी दोऱ्यात ओवून ठेवलेल्या बटणांच्या माळा तशाच होत्या.

आरोहीने माळा मोजल्या. "आजी वं, ह्या तर बारा-बाराच्या आहेत! आजोबाले दहावर थांबता येत नव्हतं काय?"

"बटणं डझनाने येतात, बाई." कितीतरी दिवसांनी मी हसले.

"मग मी आजोबाचीच नेईन. दहा-दहाची करून दे."

मैत्रिणींनो, ह्यांनी मारलेल्या गाठी सोडायला हात धजेना. तुमचा धजला असता का?

बाईंचे उपकार मानते. त्यांनी माझ्या नातीला कच्ची म्हटलं नाही, तिला जमेल तसं शिकवलं.

आज सकाळी मी गाठी सोडल्या, दहा-दहा बटणं ओवली आणि आरोहीला शाळेत सोडून आले.