सावकाश पडणं

न्हाणीघरात पडल्यापासून आई काठीशिवाय उभी राहत नाही. डॉक्टरांनी पाण्यात चालायला सांगितलंय, म्हणून सकाळी तिला तरण तलावावर नेतो. काठी काठावर ठेवून ती छातीभर पाण्यात उतरते आणि माझा हात चक्क सोडून देते.

मला वाटायचं, पाणी तिला स्थिर धरत असेल. आज नीट पाहिलं, तर ती सारखी डोलत होती, घरी कधी डोलत नाही इतकी. घरी ती खांबासारखी ताठ असते आणि घाबरलेली असते.

"अगं, किती हलतेयस! भीती नाही वाटत?"

"इथं पडायलासुद्धा वेळ लागतो रे. तेवढ्यात सावरता येतं."

तोल म्हणजे न हलणं, असंच मी समजत होतो. घरी तर आम्ही सगळे तिला 'हलू नकोस' म्हणूनच ओरडतो. मग तिचं गेलंय ते काय, तोल की सावरायची सवड?

बाहेर येताना पायऱ्यांवर पाणी गुडघ्यांपर्यंत उतरलं. मी तिच्या हाती काठी दिली. "चल, उशीर होतोय."

"थांब जरा," ती म्हणाली. "इथून पुढं पटकन पडायला होतं."

मी थांबलो. माझा एक पाय पाण्यात होता, एक फरशीवर. भरवशाचा कुठला, ते सांगता येईना.