एल्फेडकाकांचे तीन प्रश्न

आमच्या खोऱ्यात माणसाच्या नावामागे त्याचा धंदा चिकटतो. माझी बेकरी, म्हणून मी आयवर पाव. एल्फेड प्रॉसर कोळशाच्या खाणीत दिवेखाना सांभाळायचे, म्हणून ते एल्फेड दिवा. खाण बंद पडली, दिवे भंगारात गेले, आणि काका आमच्या रग्बी क्लबची बादली आणि स्पंज घेऊन मैदानाच्या कडेला उभे राहू लागले. नाव काही बदललं नाही. अख्ख्या वेल्समध्ये इतका ओला दिवा दुसरा नसेल, असं आम्ही त्यांना चिडवायचो.

दिवेखान्याची एक सवय त्यांनी मैदानावर आणली होती. खाणीत उतरताना प्रत्येक माणूस आपला पितळी बिल्ला काकांकडे द्यायचा आणि वर आला की परत न्यायचा. फळीवर एखादा बिल्ला उरला, म्हणजे कुणीतरी अजून खाली आहे. फळी रिकामी झाल्याशिवाय काका घरी जात नसत. एकदा छत कोसळलं तेव्हा एक बिल्ला तीन दिवस खिळ्यावर राहिला. तो त्यांच्या धाकट्या भावाचा होता. तीन दिवस काका त्या फळीसमोर बसून होते, एवढंच गावाला ठाऊक आहे. त्यावर ते स्वतः कधी बोलले नाहीत.

खाण बंद झाल्यावर ते बिल्ले त्यांनी जपून ठेवले. शनिवारी सामन्याआधी प्रत्येक खेळाडूच्या नावाने एक बिल्ला फळीवर लागायचा आणि सामन्यानंतरच्या जेवणाला तो ज्याच्या त्याच्या हातात पडायचा. पोरं हसायची, पण बिल्ला न घेता कुणी घरी गेलं नाही.

आणि त्यांचे ते तीन प्रश्न. कुणी डोक्यावर आपटला की काका बादली हिंदकळवत धावायचे, मानेवर गार स्पंज पिळायचे आणि विचारायचे, "माझ्या कुत्र्याचं नाव काय? मी खाणीत काय सांभाळायचो? आज जेवायला काय आहे?" मॉट, दिवे, कलेजीचे गोळे नि वाटाणे. मी स्वतः खेळायचो तेव्हापासून हीच उत्तरं. शनिवारी क्लबात दुसरं काही शिजल्याचं मी पाहिलेलं नाही. शाळेच्या अंगणात बारकी पोरं एकमेकांना पाडून हेच प्रश्न विचारत खेळायची. इतकी वर्षं हे चाललं, आणि यात काही चुकतंय हे आमच्यापैकी एकाच्याही टाळक्यात शिरलं नाही.

माझा येस्तिन एकोणिसाव्या वर्षी पहिल्या संघात आला. त्याच्या आईने, मार्गेडने, एकच अट घातली होती, डोक्यावर टोपी हवी. ती मऊ, गादीसारखी, हनुवटीखाली बांधायची टोपी. काकांच्या बायकोने, टेगवेनकाकूंनी, तिच्या आत फ्लॅनेलचा आणखी एक थर शिवून दिला. येस्तिनने ती बांधली आणि आरशात बघून म्हणाला, "आता रेडा आला तरी चालेल." मी हसलो. त्या टोपीमुळे तो पूर्वी घुसत नव्हता तिथेही डोकं घालू लागला, हे मला दिसत होतं. मला त्याचा अभिमान वाटत होता, खोटं कशाला बोलू?

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी त्याचं डोकं समोरच्या गड्याच्या गुडघ्यावर आदळलं. तो उठून बसला. काका पोचले, प्रश्न विचारले. येस्तिन घडाघडा बोलला, "मॉट, दिवे, गोळे नि वाटाणे." तरीही काका थबकले. त्याच्या डोळ्यांत बघत राहिले. तेव्हा कडेवरून सगळ्यात मोठ्याने कोण ओरडलं? मी.

"सोडा ना काका त्याला! टोपी आहे डोक्यावर!"

काकांनी सोडलं. आम्ही जिंकलो. जेवताना येस्तिनने मला विचारलं, "बाबा, कोण जिंकलं?" मी सांगितलं. दोन घास खाऊन त्याने पुन्हा विचारलं. पाचव्यांदा विचारलं तेव्हा माझ्या हातातला काटा खाली पडला. पुढचे सात आठवडे माझं पोर पडदे ओढलेल्या खोलीत पडून होतं. बशीचा आवाज झाला तरी कळवळायचं.

डॉक्टरीणबाईंनी मला समजावलं, "टोपीने कान वाचतात, कातडी फाटत नाही. पण आतला मेंदू कवटीवर आदळतो, तो टोपीने थांबत नाही, आयवर. आपटला की बाहेर काढायचा, तोच खरा उपाय."

एल्फेडकाका दर मंगळवारी यायचे. पायातले बूट दारातच काढून मोज्यांवर जिन्याने वर जायचे, आवाज नको म्हणून. एकदा खाली आल्यावर माझ्या स्वयंपाकघरात उभे राहून म्हणाले, "माझे प्रश्न त्याला पाठ होते रे. मला त्याच्या डोळ्यांत दिसलं होतं, तरी मी उत्तरांवर गेलो."

"ओरडलो मी होतो, काका."

"तू बाप आहेस, तू ओरडणारच. बादली माझ्या हातात होती."

त्या दिवशी मी बेकरीत जाऊन पिठाच्या पोत्यांमागे रडलो. मार्गेडला अजूनही सांगितलेलं नाही.

मग काकांनी नवीनच उद्योग सुरू केला. शनिवारी सकाळी घरोघर जाऊन आयांना, बायकांना, आज्यांना एकेक प्रश्न मागायचा. त्या घरचं पोर आपटलं तर त्याला आजच्या दिवसाचंच काहीतरी विचारायचं, उत्तर चिठ्ठीवर. दर आठवड्याला नवा प्रश्न. कप्तान वैतागला. "काका, ही रग्बी आहे की परीक्षा? माझ्या आजीने मांजराला काय घातलं ते मला का आठवावं?"

"आठवलं नाही तर माझ्याशेजारी बसायला मिळेल," काका म्हणायचे. "मी सँडविच आणतो."

वर्ष उलटून गेलं. डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिल्यावर येस्तिन परतला. ईस्टरच्या शनिवारी डोंगरापलीकडच्या गावाशी सामना होता. आमच्याकडे लग्न मोडलेलं चालेल, पण त्या गावाकडून हरणं चालत नाही. दहा मिनिटं उरली होती, आम्ही दोन गुणांनी मागे होतो, आणि येस्तिन पडला. टोपी होतीच डोक्यावर.

काका आता अठ्ठ्याहत्तरचे होते, धावणं जमत नव्हतं. चालतच गेले. मीही दोरीपर्यंत गेलो. येस्तिन उठून उभा होता, हसतही होता.

"मी ठीक आहे, काका. सोडा."

काकांनी खिशातून मार्गेडची चिठ्ठी काढली. "येस्तिन, आज सकाळी फाटकापाशी आई तुला काय म्हणाली?"

येस्तिनने त्यांच्याकडे पाहिलं, आणि अगदी खात्रीने उत्तर दिलं, "मॉट."

मॉट मरून वर्षं लोटली होती.

"दिवे," येस्तिन म्हणाला. "गोळे नि वाटाणे."

कप्तान म्हणाला, "काका, दहाच मिनिटं." कडेवरून अर्धं गाव ओरडत होतं. काकांनी मान वळवून एकदा माझ्याकडे पाहिलं. मी दोरीखालून आत गेलो, माझा कोट काढून पोराच्या खांद्यांवर घातला आणि त्याला बाहेर आणलं. तो वाटभर मला शिव्या देत होता. आम्ही दोन गुणांनी हरलो. आठवडाभर माझ्या दुकानातून कुणी पाव नेला नाही, आणि जे आले ते हवामानावर बोलून गेले.

त्याचा बिल्ला काकांनी जेवणाला दिला नाही. खिशात घालून नेला.

या वेळी येस्तिन लवकर सुधारला. डॉक्टरीणबाईंनी त्याला तपासून तो पूर्ण बरा झाल्याचं सांगितलं, त्याच दिवशी, बरोबर तीन आठवड्यांनी, काका आमच्याकडे आले. खुर्चीवर बसले, मार्गेडने दिलेला चहा बाजूला सारला आणि विचारलं, "येस्तिन, त्या शनिवारी फाटकापाशी आई काय म्हणाली होती?"

मार्गेडने माझ्याकडे पाहिलं. 'बापावर गेलास, चहा अर्धाच टाकून चाललास,' असं म्हणाली होती ती. तीन आठवड्यांत घरात हे दहादा बोललं गेलं होतं. येस्तिनला उत्तर पाठ झालेलं असणार, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

येस्तिनने मान खाली घातली.

"लोकांनी सांगितलंय मला, काका. पण माझं मला आठवत नाही. ती सकाळच आठवत नाही."

काकांनी खिशात हात घातला आणि बिल्ला त्याच्या तळहातावर ठेवून त्याची बोटं मिटवली. ती मूठ आपल्या दोन्ही हातांत धरून ते जरा वेळ तसेच बसले. मग त्यांनी गार झालेला चहा शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला, टोपी डोक्यावर घातली आणि म्हणाले, "चला, टेगवेन वाट बघत असेल. मी घरी जातो."